सतरा नंबरचा धबधबा

आमच्या कंपनीने एका थीम पार्कमधला धबधबा प्रायोजित केला, तेव्हा घरात पहिली शंका बाबांनी काढली. "म्हंजे धबधबा कुणाचा? पार्कचा का आपला?"

मी म्हटलं, "धबधबा पार्कचा. नाव आपलं."

"आन् पाणी?"

"पाणी कुणाचं ते मला माहीत नाही, बाबा."

"पंप तरी आपला हाय का?"

"हो, पंप आपला."

"मग ठीक," असं म्हणून ते जेवायला बसले. पंप आपला असला की बाकीचं कुणाचं का असेना, असा त्यांचा एकूण हिशेब.

आमची कंपनी म्हणजे रबाळ्याची पंपांची फॅक्टरी. नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही आपल्या सोसायटीच्या टाकीखाली वाकून बघाल. बाबा तिथे टेस्टिंगला होते, तीसएक वर्षं. मराठवाड्यातून आले, शिरवण्यात भाड्याची एक खोली घेतली, मी त्याच खोलीत चालायला शिकले. पुढे नेरुळात फ्लॅट झाला, तरी भाजी आणायला बाबा शिरवण्यालाच जातात. मी एमबीए केलं, दोन ठिकाणी नोकऱ्या करून पाहिल्या आणि फिरून फिरून त्याच कंपनीत आले, पण मार्केटिंगला. म्हणजे बाबा खाली शेडमध्ये आणि मी वर एसीत. माझं काम नेमकं काय, हे त्यांना कधी नीट उलगडलं नाही. शेजाऱ्यांना ते सांगत, "पोरगी आमच्याच कंपनीत हाय. पंपाबद्दल बोलती." मार्केटिंगची इतकी सोपी व्याख्या एमबीएच्या दोन वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती.

बाबांचं काम मात्र मला लहानपणापासून पाठ होतं. पंप तयार झाला की तो टेस्ट बेंचवर चढतो. खाली हौद, वर पाण्याचा दाब मोजणारी काट्यांची घड्याळं. पंप अर्धा तास चालवायचा, घड्याळं बघायची, आकडे लिहायचे. हे कुणीही करेल. बाबा त्यानंतर एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेत, त्याचं टोक बेअरिंगवर टेकवत, मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. शेडमधल्या आवाजाने त्यांचे कान कधीच गेले होते. दारावरची बेल त्यांना ऐकू येत नाही, आईचं बोलणं तर सोयीनुसार येतं. पण स्क्रूड्रायव्हरमधून बेअरिंगची कुरकुर त्यांना बरोबर ऐकू यायची. पटलं की ते खिशातून पोलादी पंच काढत आणि पंपाच्या नेमप्लेटच्या कोपऱ्यात हातोडीने आपला नंबर उठवत. सतरा. प्रत्येक टेस्टरला असा एक नंबर असतो, पण सतराची गोष्ट वेगळी होती. आमच्या स्टोअरवाल्याच्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा कुणीतरी विचारलं, मुलगा कसा आहे, तर तो म्हणाला, "सतरा नंबरचा."

खंडेनवमीला शेडमध्ये सगळ्या मशिनींना हार चढत, नारळ फुटत. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशिवाय कशाला हार घालत नाहीत. त्यामुळे बाबा त्या दिवशी टेस्ट बेंच नट-बोल्टांसकट पुसून काढत, तेल देत आणि सगळ्यांबरोबर पेढा खात. बेंच वर्षभर इतका स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच दिवशी नसे, त्यामुळे कुणाची तक्रारही नसे.

तर धबधबा. पार्कमध्ये लाकडाच्या ओंडक्यासारखी होडी साखळीने वर चढते आणि वरून पाण्याबरोबर धाडकन खाली येते, तो हा धबधबा. राइड जुनी होती, तिला नवं रूप द्यायचं होतं आणि पार्कवाल्यांना प्रायोजक हवा होता. त्यांची एक हसरी मुलगी आमच्या मीटिंगरूममध्ये लॅपटॉप घेऊन आली. तिने आम्हाला इतर राइड्सचे प्रायोजक दाखवले. गरगर फिरणारे कप एका अॅसिडिटीच्या गोळ्यांच्या कंपनीने घेतले होते. भुतांचा वाडा विम्यावाल्यांकडे होता. लहान मुलांची, अत्यंत सावकाश चालणारी झुकझुकगाडी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची होती, आणि यात काही विनोद आहे असं त्या कंपनीच्या लक्षात आलेलं नव्हतं. ती म्हणाली, "ओरडताना माणसाला समोर जे दिसतं ना मॅम, ते तो आयुष्यभर विसरत नाही." होडी कोसळते त्या जागी बरोबर समोर आमची पाटी येणार होती.

मी हे घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "वरडताना डोळे मिटलेले असत्यात."

हे काही मी मीटिंगमध्ये बोलले नाही. आमचे साहेब, म्हणजे मार्केटिंगचे प्रमुख, तोवर पाटीच्या आकारावर घसरले होते. पाटी वाढत वाढत अशी झाली, की खालून बघताना धबधबा पाटीच्या मागून येतो असं वाटे. त्यावर कंपनीचं नाव, खाली 'प्रस्तुत', त्याखाली धबधब्याचं नाव आणि त्याहून खाली, सेल्सवाल्यांच्या हट्टापायी, पंप किती मीटर उंच पाणी चढवतो आणि मिनिटाला किती लिटर फेकतो तेही. पोरंबाळं किंचाळत खाली येत असताना हे कोण वाचणार, असं मी विचारलं. सेल्सवाले म्हणाले, "डीलर वाचेल ना. डीलर पण फॅमिली घेऊन येतो."

या राइडला तीन मोठे आडवे पंप लागणार होते. आमच्याकडे तो साइज ऑर्डरप्रमाणेच करतात, त्यामुळे तीनच बनवले. ते टेस्टिंगला आले तो बाबांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. अर्ध्या तासाच्या जागी बाबांनी एकेक पंप अख्खी शिफ्ट चालवला. सुपरवायझरने चालवू दिला. तिन्हींच्या कोपऱ्यात सतरा उठला, आणि त्यानंतर तो पंच कंपनीने बाबांनाच देऊन टाकला. निरोप समारंभात भिंतीवरचं घड्याळ मिळालं, शाल मिळाली, आणि दोन शब्द बोला म्हटल्यावर बाबा खरंच दोनच शब्द बोलल्यासारखं बोलले. "माझे पंप आजवर विहिरीत गेले, बिल्डिंगीच्या खाली गेले. कुणी बघितले नाहीत. हे शेवटचे तीन लोक बघतील." मग बसले. मागे उभी राहून मी टाळ्या वाजवल्या, आणि मला रडू आलं हेही सांगून टाकते.

आता माझी चूक. ती मीच केली, त्यात कुणाचा वाटा नाही.

त्याच सुमाराला परदेशात एक प्रदर्शन होतं आणि तिथे आमचा स्टॉल होता. स्टोअरला मागणीचा फॉर्म मी भरला. आमच्या फॅक्टरीत कुठलीही वस्तू तिच्या सिरियल नंबरने हलते, साधा वॉशरसुद्धा. पण मार्केटिंगवाल्यांना विशेषणांची सवय. मी लिहिलं, 'सर्वोत्तम फिनिशिंग असलेले मोठे पंप, नग तीन.' नंबरचा रकाना कोरा ठेवला. स्टोअरवाला मुळात प्रामाणिक माणूस. त्याने सर्वोत्तम म्हणजे काय याचा विचार केला, शेडमध्ये फिरला, आणि जिथे सतरा दिसला ते तीन उचलून पेट्यांत भरले. धबधब्याच्या उद्घाटनाला चार दिवस उरले असताना मी पंप कुठवर पोचले म्हणून चौकशी केली, तेव्हा ते बंदराजवळ द्रोणागिरीच्या गोदामात सीलबंद कंटेनरमध्ये जहाजाची वाट बघत होते.

मी साहेबांकडे गेले. वाटलं होतं चिडतील. त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि पार्कवाल्यांना फोन लावला. जुन्या राइडचे पंप अजून जागेवरच होते, चालूही होते. दुसऱ्या कंपनीचे होते, तेही आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचे, पण साहेबांना त्यात अडचण दिसली नाही. "टेन्शन घेऊ नको. त्यांना आपला ग्रीन कलर मारून टाक. आपली प्लेट लाव. पुढे बघू."

मी म्हटलं, "सर, कुणी बघितलं तर?"

"अगं, लोक धबधबा बघायला येतात. पंप कोण बघतं?"

हे वाक्य एका पंपांच्या कंपनीत, पंपांवर पोट असलेल्या माणसाने, भिंतीवर पंपाचं कॅलेंडर असलेल्या केबिनमध्ये बसून म्हटलं. आणि पंपांवरच पोट असलेली मी "ओके सर" म्हणाले. प्लेट मीच छापून घेतल्या. त्यांचा कोपरा कोरा होता. रंग ओला असताना स्क्रू पिळले गेले.

उद्घाटन झालं. फीत कापली गेली, नारळ फुटला, पाहुण्यांनी होडीत बसण्याऐवजी होडीजवळ उभं राहून फोटो काढला. तो दिवस निभावला. मला धास्ती होती ती पुढच्या रविवारची. करारात प्रायोजकाच्या कामगारांसाठी एक फुकट फॅमिली डे होता आणि निवृत्तांनाही बोलावणं होतं. बाबांनी आठवडाभर आधीपासून फोनाफोनी केली होती. म्हणजे नंबर ते लावत, बोलत ते, आणि पलीकडचा काय म्हणतो ते आई ओरडून सांगे. त्यांचा जिवलग म्हणजे वाइंडिंगचे काका, उरणकडचे कोकणी मुसलमान, मोटारीत तांब्याची तार गुंडाळण्यात ज्यांचा हात धरणारा रबाळ्यात कुणी नव्हता. बाबा टेस्ट करत त्या पंपांच्या मोटारी बहुतेक काकांच्या हातच्या असत. काका बाबांच्या दोन वर्षं आधी निवृत्त झाले. आता गुडघे गेलेत, काठी घेऊन चालतात. तेही यायचे होते.

मी बाबांना म्हटलं, "ऊन फार असतं हो तिथे."

"टोपी हाय."

"गर्दी असते."

"आपल्याच लोकांची ना?"

 खरं सांगायची हीच वेळ होती, ते मला तेव्हाही कळत होतं. पण त्यांनी निरोप समारंभासाठी शिवलेला शर्ट इस्त्रीला दिला होता, आणि मी भित्री.

रविवारी रबाळ्याहून दोन बस भरून निघाल्या. पार्कच्या फाटकावर सगळ्यांच्या पिशव्या तपासत होते. बाबांच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर निघाला. फाटकावरच्या बाई तिथल्याच गावातल्या होत्या, त्यांनी तो लांब धरून विचारलं, "बाबा, यो कशाला आनला?"

"ऐकायला," बाबा म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं.  "जाताना घेऊन जा," म्हणत त्यांनी तो टेबलाच्या खणात टाकला. मला इतकं हलकं वाटलं, की मी त्या बाईंना उगीचच थँक्यू म्हणाले. स्क्रूड्रायव्हर नाही म्हणजे बाबा ऐकणार नाहीत.

आत गेल्यावर बायका आणि मुलं राइड्सकडे पांगली. आई सरळ गरगरणाऱ्या कपांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आणि पुरुषमंडळी, म्हणजे फिटर, टर्नर, पेंटर, ओतकामवाले, सगळा घोळका, पार्क बघत बघत धबधब्याशी आला, पाटी बघितली, मिनिटाला किती लिटर ते वाचून माना डोलावल्या आणि मग धबधब्याला पाठ करून विचारू लागला, "पंपहाउस कुठंय?"

पंप कोण बघतं, तर हे बघतात. अख्ख्या पार्कात होडीच्या रांगेत आमचा एकही कामगार नव्हता आणि पंपहाउसच्या लोखंडी दरवाजापुढे मात्र लांबलचक रांग लागली होती. दरवाजावर तैनात दुसऱ्या बाई वैतागल्या होत्या. "हितं काय हाय? नुसती मशीन हाय. पानी तिकडं हाय, पानी बघा ना." मी मनातून त्या बाईंच्या बाजूने होते. तेवढ्यात साहेब आले. गॉगल लावून, मुलीला कडेवर घेऊन. एवढी गर्दी आपल्या धबधब्यापाशी बघून त्यांना भरून आलं, आणि आपण काय करून ठेवलंय हे ते चक्क विसरले. "अरे, आपले सीनियर लोक आहेत. जाऊ द्या आत. फोटो काढू यार, मस्त स्टोरी आहे." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दार उघडलं.

आत तीन पंप, हिरवेगार, एकसुरात चालत होते. सगळ्यांनी वाट मोकळी करून बाबांना पुढे केलं. बाबांनी सवयीने खिशावर हात मारला, स्क्रूड्रायव्हर नाही हे आठवलं. माझा जीव भांड्यात पडतोय तोच काकांनी आपली काठी पुढे केली. "ही घे."

बाबांनी काठीचं टोक पहिल्या पंपाच्या बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. मी तो चेहरा लहानपणापासून ओळखते. दहा-पंधरा सेकंदांत कपाळाची आठी सुटते. त्या दिवशी सुटली नाही. ते दुसऱ्या पंपाशी गेले, मग तिसऱ्याशी. मग डोळे उघडले आणि पंपाकडे न बघता सरळ माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. दुसरं काय करणार?

मग त्यांनी नेमप्लेटच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले.

काकांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काय रं, सतरा हाय ना?"

"हाय," बाबा म्हणाले. "सतरा हाय. चांगला चालायलाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी फोटो काढला. फोटोत बाबा मधोमध आहेत, हात पंपावर, आणि अंगठा अजूनही त्याच कोपऱ्यावर दाबलेला.

परतताना बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा उजवा अंगठा हिरवा झाला होता. प्लेटखाली दबून कोपऱ्यातून बाहेर आलेला रंग पूर्ण वाळला नव्हता. ते रुमालाने तो पुसत होते आणि रंग रुमालभर होत होता. मला सगळं सांगायचं होतं, पण बाबांना गुपित सांगायचं म्हणजे मोठी पंचाईत. कुजबुजलेलं त्यांना ऐकू येत नाही आणि त्यांना ऐकू येईल असं सांगावं तर दोन्ही बसना कळेल. शेवटी मी मोबाइलवर लिहिलं, अक्षरं मोठी केली आणि फोन त्यांच्या हातात दिला. प्रदर्शन, फॉर्म, कोरा रकाना, द्रोणागिरी, हिरवा रंग. शेवटी 'चुकले' असं लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि फोन परत केला. पुढच्या सीटवर आई, चार वेळा कपांत बसून आलेली, शेजारणीला सांगत होती की ते अॅसिडिटीवाले फार भले लोक, उतरल्या उतरल्या हातावर गोळी ठेवतात. आमच्या धबधब्याचं नाव तिला आजही आठवत नाही.

नेरुळला उतरून घराकडे चालताना बाबा थांबले.

"तीस वर्षांत नापास पंपावर नंबर मारला न्हाई म्या," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा होता, रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघत होता. "आज मारला. तोंडानं मारला. तू तिथं हुबी होतीस म्हणून."

मी त्यांची पिशवी हातात घेतली.

"आता ते खरं कर."

एवढंच. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मला वाटतं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण काकांचा फोन आला की ते आईला खुणेने सांगत, झोपलोय म्हण. शिरवण्याच्या बाजारात जुने लोक भेटतात, म्हणून भाजी खालच्या गाडीवरून आणू लागले. आई म्हणाली, "यांना झालंय काय?" मी म्हटलं, ऊन लागलं असेल. खोटं बोलणं एकदा घरात शिरलं की असं सगळ्यांच्या तोंडी बसतं.

सोमवारी मी साहेबांपुढे उभी राहिले. आपले पंप प्रदर्शनातून परत आले की पार्कमध्ये बसवायचे, म्हटलं. साहेब म्हणाले, "चालतंय ना? मग?" तो फोटो त्यांनी कंपनीच्या पेजवर टाकलाच होता, आता मोठा करून पाटीशेजारी लावायच्या बेतात होते. मी फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "सर, रंग आपला आहे, पण अंग त्यांचं आहे. त्यांचा कुठलाही फिटर हा फोटो बघून ओळखेल. आपल्या नावाच्या धबधब्याला त्यांचा पंप. ते याची जाहिरात करतील." साहेबांनी फोटो जवळून बघितला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक पंप इतका वेळ बघितला असेल. मग म्हणाले, "किती दिवसांत येतील आपले?" फोटो दुपारपर्यंत सगळीकडून उतरला होता.

चार महिने लागले. पंप प्रदर्शन गाजवून, जहाजाने फिरून, द्रोणागिरीमार्गे रबाळ्याला परत आले. या वेळी प्रत्येक कागदावर तिन्ही सिरियल नंबर मी स्वतः लिहिले, दोन-दोनदा. बसवण्याआधी पुन्हा टेस्ट करायला म्हणून बाबांना बोलावलं. ते गेटवर व्हिजिटरचा पास गळ्यात अडकवून आत आले, त्याचा त्यांना जरा राग आला. दोन पंप पास झाले. तिसऱ्याला त्यांनी नकारार्थी मान हलवली. नव्या टेस्टरने घड्याळं दाखवली, आकडे चोख होते. "घड्याळाला काय कळतंय? बेअरिंग बदला," बाबा म्हणाले, आणि बदलेपर्यंत दोन दिवस सगळं काम अडवून धरलं. साहेब वरून फोन करत होते. मी उचलत नव्हते.

पावसाळ्यात पार्क देखभालीसाठी बंद असतो, तेव्हा पंप बसले. चाचणीच्या दिवशी मी बाबांना घेऊन गेले. पार्क रिकामा, कप ताडपत्रीखाली, झुकझुकगाडी नेहमीइतकीच स्तब्ध. फाटकावरच्या बाईंनी स्क्रूड्रायव्हर बघितला आणि या वेळी काही विचारलं नाही. बाबांनी तिन्ही पंप ऐकले. तिसऱ्याला आठी सुटायला थोडा वेळ लागला, पण सुटली. मग प्रत्येक कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "त्याला लाव."

मी काकांना फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"सतरा हाय," बाबा फोनमध्ये ओरडले. "तिन्हीवर हाय."

 पलीकडून काका म्हणाले, "आता खरा हाय ना?"

मला वाटलं, पंपांच्या आवाजात काहीतरी चुकीचं ऐकलं. "काका, म्हणजे?"

"अगो, त्या दिवशी मोटार आपल्या वाइंडिंगची नव्हती. मला दारातच समजलं. तुझा बाप बहिरा हाय, मी नाय. पेंटरला रंग समजला, ओतकामवाल्याला अंग समजलं. आमी समदे तीच कामं करून म्हातारे झालो ना?"

"मग कुणी बोललं का नाही?"

"तो सतरा हाय बोलला. आता त्येनं सांगितल्यावर आमी काय बोलनार?"

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणतोय?"

आता तिथे कुणी ऐकणारं नव्हतं. मी जमेल तितक्या मोठ्याने ओरडले, "सगळ्यांना माहीत होतं, बाबा. त्याच दिवशी."

 त्यांच्या चेहऱ्यावर आधी काही दिसेना. मग म्हणाले, "आन् मी चार महिने भाजी गाडीवरनं घेतली. किती महाग देतो तो."

मला हसू फुटलं आणि रडूही आलं, आणि त्यांना दोन्हीपैकी काहीच ऐकू गेलं नाही. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, पहिल्या पंपाच्या बेअरिंगपाशी नेला आणि तिथे नीट टेकवून धरला.

"त्याला ऐकू दे," ते म्हणाले.

उरणला काका ऐकत होते. त्यांनी फोन ठेवला नाही आणि बाबांनी काढून घेतला नाही. अर्धा तास होईपर्यंत आम्ही दोघं तिथे तसेच उभे होतो.